एका वाक्याची कविता, चौदा मिनिटांचं संगीत: एक प्रकरण अभ्यास

कवितेवरून समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीत रचताना काय काय ठरवावं लागतं, कोण ठरवतं आणि कधी ठरवतं, हे एका रचनेच्या निमित्ताने इथे मांडतो आहे. या कामात मी सल्लागार होतो. मसुदे वाचायचे, तालमींना बसायचं आणि विचारलं तर बोलायचं, एवढीच माझी भूमिका होती. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत. कवितेच्या ओळीही देत नाही, फक्त तिचा आशय आणि बांधणी सांगतो. संगीतकार आणि गायिका दोघंही माझ्या बरोबरीचे, त्यामुळे त्यांच्याबद्दल एकेरीत लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

एका छोट्या वाद्यमेळाने संगीतकाराला नवी रचना करायला सांगितली. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो आणि तालवाद्यं असे सहा वादक आणि एक मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीची, गायिका असा संच होता. अर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराने 1912 मध्ये ‘पियेरो ल्युनेर’साठी पाच वादकांचा जो मेळ वापरला, तो पुढे इतका रुळला की त्यात तालवाद्यांची भर घालून आज जगभर शेकडो रचना होतात. त्यामुळे संच नेहमीचाच होता. अटी दोनच होत्या. रचना पंधरा मिनिटांच्या आसपास असावी आणि तिचा उगम कवितेत असावा. ‘उगम’ म्हणजे नेमकं काय, कविता गायली गेली पाहिजे की नुसती मनात असली तरी चालेल, हे करारात नव्हतं. संहितेचे हक्क मिळवणं ही संगीतकाराची जबाबदारी, हे मात्र करारात होतं, तेही शेवटून दुसऱ्या कलमात.

संगीतकाराने निवडलेली कविता विसाव्या शतकातली. कवीला जाऊन फार वर्षं झाली नव्हती, म्हणजे हक्क वारसांकडे होते. बर्न या आंतरराष्ट्रीय लेखनहक्क करारानुसार कवीच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं संरक्षण मिळतं. भारतात ही मुदत 60 वर्षं आहे, युरोपातल्या बहुतेक देशांत 70. संगीतकाराला हे माहीत होतं. पण त्याचा अनुभव असा, की छोट्या मैफिलीसाठी वारस सहसा नाही म्हणत नाहीत. म्हणून त्याने आधी लिहायला घेतलं आणि पत्र नंतर पाठवलं.

कविता चौदा ओळींची आहे आणि त्या चौदा ओळी मिळून एकच वाक्य होतं. रिकाम्या घरातल्या गोष्टी एकामागून एक येतात: खिडकी, पायरी, भिंतीवर तसबीर होती तिथली फिकी चौकट, दुसऱ्या खोलीतला पाण्याचा आवाज. या सगळ्याचं काय होतं ते सांगणारं क्रियापद शेवटच्या ओळीत, अगदी शेवटी येतं. तोवर वाचक एक पाय उचलून उभा असतो. मधे पूर्णविराम नाही, स्वल्पविरामही मोजकेच.

पहिला मसुदा

पहिला मसुदा पाहिला तेव्हा त्यात काम भरपूर होतं आणि कविता कमी होती. पाणी आलं की पियानोच्या वरच्या सप्तकात थेंब. पायरी आली की बास क्लॅरिनेट (खालच्या पट्टीचं क्लॅरिनेट) खाली उतरणार. भिंतीसाठी सहाही वाद्यांचा दाट स्वरगठ्ठा. गायिकेचे शब्द फोडलेले होते. एखादा शब्द अर्धाच, त्यातलं व्यंजन चारदा, मग स्वर ताणलेला, मग पूर्ण शब्द. या तंत्रालाही परंपरा आहे. इटालियन संगीतकार लुचानो बेरिओने 1960 मध्ये अमेरिकन कवी ई. ई. कमिंग्जच्या तीन कवितांवर ‘सर्कल्स’ रचलं, त्यात शब्द फुटत फुटत नुसत्या ध्वनीत जातात आणि वाद्यं ते ध्वनी उचलतात. पण कमिंग्जची कविता कागदावरच फुटलेली आहे. अक्षरं, कंस, रिकाम्या जागा सगळं विखुरलेलं. बेरिओने जे केलं त्याची सोय मुळातच होती. इथली कविता उलट स्वभावाची, एका दमात जाणारी. तिचे शब्द फोडले की तिच्यातली एकमेव ताणलेली दोरी तुटते.

मी हे संगीतकाराला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. त्याचं म्हणणं, संगीताने कवितेची नक्कल का करावी? प्रश्न रास्त होता. पण पाण्यासाठी थेंब वाजवणं हीसुद्धा नक्कलच, फक्त कवितेतल्या वस्तूंची. हे मात्र तेव्हा आमच्यापैकी कुणी बोलून दाखवलं नाही.

अडचण

मसुदा दोन तृतीयांश झाला असताना वारसांचं उत्तर आलं. कवीच्या मुलीने स्वतः लिहिलं होतं. पत्र सभ्य पण ठाम होतं. कविता छापायला हरकत नाही, वाचून दाखवायला हरकत नाही. गायची असेल तर तीन अटी: एकही शब्द वगळायचा नाही, एकही शब्द पुन्हा म्हणायचा नाही, क्रम बदलायचा नाही. यापूर्वी कुणीतरी वडिलांच्या एका कवितेतल्या दोन ओळी घेऊन त्या पंधरा वेळा आळवल्या होत्या आणि कुटुंबाला ते फार लागलं होतं, असंही पत्रात होतं.

पहिला मसुदा तिन्ही अटींत नापास. शिवाय एक साधं गणित होतं. चौदा ओळी एकदाच, सरळ गायल्या तर फार तर चार-पाच मिनिटं. उरलेली दहा मिनिटं गायिकेने करायचं काय?

प्रयोगाची तारीख ठरलेली होती आणि वादकांना पार्ट (प्रत्येकाची वेगळी स्वरलिपी) द्यायला सुमारे तीन महिने उरले होते.

कोणते पर्याय होते

पहिला विचार आला तो शब्द बदलण्याचा. झालेलं संगीत ठेवायचं आणि त्यावर बसेल असा नवा मजकूर कुणाकडून तरी लिहून घ्यायचा. याचं ठळक उदाहरण एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकाराचं. त्याने रॉबर्ट फ्रॉस्टच्या एका प्रसिद्ध कवितेवर समूहगीत रचलं, पण फ्रॉस्टच्या वारसांनी परवानगी दिली नाही. मग चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री या कवीने त्याच छंदात, त्याच संगीतावर चपखल बसणारी नवी कविता लिहिली आणि ते गीत आज त्या नव्या शब्दांनिशीच जगभर गायलं जातं. मूळ कविता 1923 सालची, अमेरिकेत ती 2019 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तोवर नव्या शब्दांचा जम बसून गेला होता. आमच्या इथे हा मार्ग चालला नसता. व्हिटेकरचं संगीत छंदाला धरून होतं, म्हणून दुसरे शब्द त्यात बसले. इथलं संगीत एकेका शब्दाच्या चित्राला चिकटलेलं होतं. शब्द गेले की थेंब कशाचे?

दुसरा पर्याय, हक्कमुक्त जुनी कविता घेणं. यात एक खाचखळगा असतो आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. मूळ कवी शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी त्याचं भाषांतर अलीकडचं असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा आणि जिवंत असतो. संगीतकाराच्या मनात जी दुसरी कविता होती ती नेमकी अशीच निघाली.

तिसरा पर्याय मला स्वतःला सगळ्यात मोहक वाटत होता: शब्द काढूनच टाकायचे. फ्रेंच संगीतकार क्लोद दब्युसीने मालार्मे या कवीच्या फॉनवरच्या (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा पुराणकथेतला प्राणी) दीर्घ कवितेवरून 1894 मध्ये वाद्यवृंदासाठी जे पूर्वरंगवजा संगीत लिहिलं त्यात एकही शब्द नाही. मात्र कवितेच्या ओळी 110 आणि संगीताचे बार, म्हणजे मात्रांचे गट, तेही 110. शोनबर्गने 1899 मध्ये रिखार्ड डेमेल या जर्मन कवीच्या कवितेवरून तंतुवाद्यांचं षट्क लिहिलं, तेही शब्दांविना, पण कवितेचे पाच भाग संगीतात मोजता येतात. म्हणजे शब्द न गाताही कवितेची बांधणी नेता येते. शिवाय निःशब्द रचनेला वारसांच्या अटी लागू होण्याचा प्रश्नच उरत नव्हता. फक्त कार्यक्रमपत्रिकेत कविता छापायची तर परवानगी लागली असती आणि ती तर मिळालेलीच होती.

याला गायिकेचा विरोध होता. तिच्यासाठी जागा राखून काम दिलं गेलं होतं आणि तिला बाहेर बसवणं योग्य नव्हतंच. पण तिचा मुद्दा त्यापेक्षा धारदार होता. ती म्हणाली, “शेवटचं क्रियापद जर कुणी उच्चारलंच नाही, तर लोक वाट कशाची बघणार?”

अटी जशाच्या तशा मान्य करून नव्याने लिहिणं हा चौथा पर्याय. याशिवाय एका निवेदकाने कविता वाचावी आणि अधूनमधून संगीत असावं, अशीही सूचना वाद्यमेळाकडून आली होती. ती फार टिकली नाही. तशाने संगीत दोन परिच्छेदांमधल्या सजावटीसारखं होतं.

निर्णय

गायिकेच्या त्या एका वाक्यानंतर संगीतकार दोन दिवस कुणाशी बोलला नाही आणि मग चौथ्या पर्यायावर आला. त्याचं कारण त्याने असं सांगितलं: वारसांच्या अटी म्हणजे या कवितेचं वर्णनच आहे. वगळू नका, परत म्हणू नका, क्रम बदलू नका, कारण हे एक वाक्य आहे. मला हे जरा सोयीस्कर वाटलं. अट गळ्यात पडल्यावर ती आपलीच होती असं म्हणण्याची कलावंतांना सवय असते. पण पुढचं काम बघता तो खरंच तसं मानत होता.

आता गणित सोडवायचं होतं. इथे फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझच्या एका रचनेचा आधार मिळाला. 1955 मध्ये पहिल्यांदा सादर झालेल्या ‘ल मार्तो सां मेत्र’मध्ये रने शार या कवीच्या तीन छोट्या कविता आहेत, पण रचनेच्या नऊ भागांपैकी चारांतच आवाज आहे. बाकीचे भाग वाद्यांचे, कवितांच्या आधीचे आणि नंतरचे, जणू त्यांच्यावरची टिपणं. आणि शेवटच्या भागात शब्द संपल्यावर गायिका तोंड मिटून गुणगुणते, वाद्यांतलं एक वाद्य होऊन जाते. म्हणजे आवाज असलेल्या रचनेत आवाज सतत हवा असं नाही आणि आवाज म्हणजे शब्दच असंही नाही.

मग पहिला खरा कळीचा प्रश्न आला. वाद्यांचे भाग कवितेच्या मधे घालायचे की आजूबाजूला? अटींमध्ये मधे थांबण्याबद्दल काही नव्हतं. संगीतकाराने पुन्हा पत्र लिहून स्पष्ट विचारलं. उत्तर आलं: थांबा चालेल, कविता तुटलेली वाटता कामा नये. हे मोजायचं कसं? त्याने सोपा उपाय केला. कविता ठाऊक नसलेल्या काही मित्रांना बसवून ती वाचली आणि ओळींच्या मधे पियानोवर काहीबाही वाजवत कमी-जास्त अंतर ठेवलं. अंतर थोडं असेल तर ऐकणारे वाक्य धरून ठेवत होते. अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेलं की पुढची ओळ त्यांना नवीन वाक्यासारखी वाटायची. त्यावरून बांधणी ठरली: सुरुवातीला सहा मिनिटं फक्त वाद्यं, मग पाच मिनिटांत सलग कविता, मधले थांबे छोटे, आणि क्रियापदानंतर तीन मिनिटं.

श्वासाचा प्रश्नही याच टप्प्यावर निघाला. एका दमाचं वाक्य पाच मिनिटं गायचं तर गायिका श्वास घेणार कुठे? ओळीच्या शेवटी घेतला तर प्रत्येक ओळीला कुलूप लागतं. अर्थ बघून घेतला तर ओळींची रचना ऐकू येत नाही. दोघांनी टेबलावर कागद पसरून एकेक जागा ठरवली. काही ओळींच्या शेवटी मुद्दाम श्वास नाही, पुढच्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दानंतर आहे. आणि गायिका जिथे श्वास घेते तिथे बासरीवादक स्वर न काढता नुसती हवा फुंकतो, म्हणजे तिथे खंड पडत नाही, वाक्यच श्वास घेतंय असं वाटतं. संपूर्ण रचनेत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, आणि ती गाणाऱ्या माणसाच्या फुप्फुसातून आली.

एक स्वर राखून ठेवणं

क्रियापद लांबणीवर टाकणं संगीतात आणायचं कसं, यावर संगीतकाराने काढलेली युक्ती अशी: पाश्चात्त्य पद्धतीतल्या बारा स्वरांपैकी एक स्वर, डी, कुणीच वाजवायचा नाही. कुठल्याही सप्तकात नाही, अकरा मिनिटं नाही. क्रियापदाच्या महत्त्वाच्या अक्षरावर तो पहिल्यांदा येणार.

कागदावर हे सुबक दिसतं. प्रत्यक्षात डी गळत होता. वाचनाच्या पहिल्या तालमीत पियानोवादकाने ते दाखवून दिलं. त्याने पेडल दाबून धरलं, खालचा ‘जी’ हा स्वर वाजवला आणि म्हणाला, “ऐक आता.” कुठलाही स्वर वाजला की त्याच्यासोबत वरचे काही उपस्वर आपोआप उमटतात, आणि जी-चा तिसरा उपस्वर डी असतो. पेडलमुळे सगळ्या तारा मोकळ्या असल्याने डी-च्या तारा कुणी न वाजवता झणझणू लागतात. एकदा दाखवल्यावर तो न ऐकणं अशक्य होतं. बी-फ्लॅटचा पाचवा उपस्वरही डी-च, पण तो इतका क्षीण की त्याची काळजी सोडून दिली. बास क्लॅरिनेटच्या एका बहुस्वरी फुंकीतही डी-च्या जवळपासचा स्वर डोकावत होता, तिथे दुसरी बोटं शोधावी लागली.

पर्याय दोन होते. सगळे खालचे जी काढून टाकायचे किंवा गळती मान्य करायची. संगीतकाराने मधला मार्ग घेतला. जिथे पेडल लांब होतं त्या दोन जागी जी-चा ए-फ्लॅट केला आणि बाकीचे राहू दिले. यावर आमचा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. माझं मत असं, की बारांतला एक स्वर नाही हे श्रोत्याला कळत नाही. अकरा स्वरांच्या गजबजाटात गैरहजर माणसाची नोंद कोण ठेवतो? संगीतकाराचं म्हणणं, कळत नसलं तरी तो आल्यावर काहीतरी उघडल्यासारखं वाटतं. त्याला तसं वाटतं यात शंका नाही. मात्र या बंधनाचा एक फायदा मलाही मान्य आहे: त्यामुळे थेंब, पायऱ्या आणि भिंती आपोआप गेल्या. डी टाळायचा म्हणून त्याला प्रत्येक बार नव्याने लिहावा लागला आणि जुन्या चित्रांना चिकटून राहायची सोयच उरली नाही.

तालमी

दुसरा कळीचा निर्णय तालमीत झाला. मसुद्यात क्रियापद होतं वरच्या डी-वर, जोरात, सगळी वाद्यं चढत चढत तिथे पोहोचलेली. हिशोब सरळ होता: ज्याची वाट पाहिली ते दणक्यात यावं.

गायिकेने ते दोनदा गाऊन दाखवलं आणि आम्हाला विचारलं, कोणता शब्द ऐकलात? खरं सांगायचं तर ठाऊक होता म्हणून ऐकू आला. त्या अक्षरात ‘ई’ होती. याचं कारण शरीरात आहे. ‘ई’ ही ‘ई’ म्हणून ओळखू येते ती तोंडाच्या पोकळीतल्या काही विशिष्ट अनुनादांमुळे आणि त्यातला पहिला साधारण 300 ते 400 हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास असतो. वरचा डी म्हणजे सुमारे 587 हर्ट्झ. गायचा स्वरच त्या अनुनादाच्या वर गेला, की गायिकेला आवाज भरावा म्हणून जबडा उघडावा लागतो, आणि मग ‘ई’, ‘ए’, ‘आ’ यांच्यातला फरक पुसट होत जातो. हा गळ्याचा दोष नव्हे. उंच स्वरांत शब्द हरवतात ही ऑपेराबद्दलची जुनी तक्रार यातूनच येते. ‘आ’ असलेलं अक्षर थोडं अधिक वरपर्यंत टिकतं, ‘ई’ आणि ‘ऊ’ लवकर जातात.

गायिकेने सुचवलं, एक सप्तक खाली आण. खालचा डी सुमारे 294 हर्ट्झ, तिथे ‘ई’ स्वच्छ उमटते. संगीतकार वैतागला. “अकरा मिनिटं जिना चढायचा आणि शेवटी तळघरात?” अडचण तेवढीच नव्हती. मेझो-सोप्रानोच्या आवाजात त्या पट्टीला जोर कमी. सहा वाद्यं चालू असताना ती ऐकूच आली नसती. म्हणजे स्वर खाली आणायचा तर वाद्यंही थांबवायची, आणि मग सगळी चढण फुकट.

त्यांनी दोन्ही करून पाहिलं. खालच्या आवृत्तीत वाद्यं चढत जातात आणि कळसाच्या एक बार आधी तुटतात. गायिका एकटी, जवळपास बोलल्यासारखं, क्रियापद म्हणते. पियानोवादकाने पेडल तेवढं धरून ठेवायचं, म्हणजे आधीच्या आवाजाचा धूर शिल्लक राहतो. पहिल्यांदा ते झालं तेव्हा व्हायोलिनवादकाने वाद्य खाली ठेवून विचारलं, “हे असंच ठेवतोयस ना?” त्यानंतर चर्चा झाली नाही.

उरलेली तीन मिनिटं मात्र भरकटली होती. डी आता मोकळा झाला म्हणून संगीतकाराने तो सगळ्यांना वाटून टाकला होता. चेलोवर मोकळ्या तारेचा घुमता डी, पियानोत डी, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं तालवाद्य) डी. कवितेचा शेवट असा विजयी नाही, रिकाम्या घरात कुणी परत येत नाही. इथे मी तोंड उघडलं. त्याने तालमीतच पेन्सिल घेतली आणि चेलोचा एक बारीक हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा हलका स्वर) आणि गायिकेचं मिटल्या तोंडाचं गुणगुणणं एवढंच सोडून बाकीचे डी खोडले. पूर्ण प्रक्रियेतली सगळ्यात कमी कष्टाची आणि माझ्या मते सगळ्यात नेमकी दुरुस्ती ती होती. तिची किंमत वादकांनी मोजली. प्रयोगाला पंधरवडा उरला असताना सगळ्यांचे पार्ट पुन्हा काढावे लागले आणि एका पानावर जुन्या-नव्या बारांचे आकडे जुळत नव्हते, त्यात एक अख्खी तालीम गेली.

श्रोत्यांना शब्द कसे द्यायचे हाही एक प्रश्न होता. पडद्यावर ओळी दाखवल्या तर क्रियापद गायिकेच्या आधी डोळ्यांना दिसणार. कविता छापून हातात दिली तर ऐन शांततेत पानं उलटण्याचा आवाज. शेवटी कविता एकाच पानावर छापली, सभागृहातले दिवे चालू ठेवून वाचायला थोडा वेळ दिला आणि मग दिवे मंद केले. क्रियापद आधीच वाचलेलं असल्याने रहस्य उरत नाही, अशी हरकत वाद्यमेळाच्या व्यवस्थापकाने घेतली. पण ही रहस्यकथा नव्हती. काय येणार हे माहीत असतानाही वाट पाहावीशी वाटते का, एवढाच प्रश्न होता.

परिणाम

प्रयोग ठरल्या तारखेला झाला. कवीची मुलगी आली होती. संपल्यावर तिने संगीतकाराला पहिला प्रश्न विचारला तो गुणगुणण्याबद्दल: हे वडिलांच्या शब्दांत भर घालणं नाही का? त्याने सांगितलं, त्यात शब्द नाही. तिने थोडा विचार करून ते मान्य केलं, पण तिचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटलं नाही. क्रियापदाच्या जागेबद्दल मात्र तिने आपणहून चांगलं बोलून दाखवलं. डी-चा विषय कुणीच काढला नाही, कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख असूनही. श्रोत्यांच्या प्रतिक्रिया दोन तऱ्हांच्या होत्या. काहींना सुरुवातीची सहा मिनिटं लांबलेली वाटली, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. तिथे संगीत क्रियापदाची वाट पाहतं, पण श्रोत्याला अजून वाक्यच मिळालेलं नसतं.

नंतर दुसऱ्या एका संचाने रचना मागितली. त्यांची गायिका सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची, होती, तिला कवितेचा भाग चढ्या पट्टीत हवा होता. नुसता आवाज वर नेला तर राखून ठेवलेला स्वर बदलतो आणि वाद्यांत तो आधीच वाजून गेलेला असतो. सगळंच वर न्यायचं तर चेलोची आणि बास क्लॅरिनेटची अर्धी बोटं नव्याने बसवावी लागतात. शिवाय क्रियापद पुन्हा वर जाणार, आणि ‘ई’ पुन्हा हरवणार. संगीतकाराने नकार दिला. इतक्या घट्ट विणलेल्या रचनेचे प्रयोग कमी होतात हे त्याला ठाऊक आहे.

काय वेगळं करता आलं असतं

परवानगी आधी मागावी, हे उघड आहे आणि सगळेच सांगतात. पण या प्रकरणात परवानगी आधी मिळाली असती तर पहिला मसुदा झालाच नसता, एवढाच फरक पडला असता असं नाही. अटी सुरुवातीलाच कळल्या असत्या तर संगीतकाराने बहुधा ही कविता सोडून दिली असती. तो स्वतःही असंच म्हणतो. तरीही पुढच्या वेळी मी पत्र आधीच पाठवायला सांगेन, आणि नुसती परवानगी न मागता नेमके प्रश्न विचारायला सांगेन: शब्द परत म्हणू का, मधे थांबू का, शब्दांविना आवाज चालेल का, छापू का, ध्वनिमुद्रण करू का. मोघम होकार नंतर महागात पडतो.

हक्क मिळवण्याचं काम एकट्या संगीतकारावर टाकणं मला पटलेलं नाही. मागणी करणाऱ्या संस्थेकडे पत्रव्यवहाराची सवय, वकील आणि वजन असतं. संगीतकाराकडे यातलं सहसा काही नसतं. करारात हे काम दोघांचं असावं आणि परवानगी हातात येईपर्यंत पार्ट देण्याची मुदत सुरू होऊ नये.

गायिकेला मसुद्याच्या टप्प्यावर बोलावलं असतं तर वरच्या डी-वर आठवडे गेले नसते. वाद्यवादकांना बोटांबद्दल आधी विचारायची पद्धत आहे, तारेवर हे वाजेल का, फुंकीत हे निघेल का. गळ्याबद्दल मात्र पट्टी किती, एवढंच विचारतात. कोणता स्वर कोणत्या अक्षरावर पडतो हे कुणी विचारत नाही. हातात कविता असेल तर पहिल्या ओळीपासून हा प्रश्न गायिकेसमोर ठेवायला हवा.

सुरुवातीच्या सहा मिनिटांचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. गायिकेची सूचना अशी, की पहिली ओळ अगदी आधी गाऊन घ्यावी आणि मग वाद्यांचा भाग यावा. मित्रांसोबतच्या वाचनातून निघालेल्या अर्ध्या मिनिटाच्या मर्यादेत ते बसत नाही. संगीतकार म्हणतो, वाद्यांचा भाग चार मिनिटांवर आणू. तशी दुरुस्त आवृत्ती तयार होते आहे. ध्वनिमुद्रणाची परवानगी तिच्यासाठीच मागितली आहे, कारण पहिल्या परवानगीत फक्त प्रत्यक्ष प्रयोगाचा समावेश होता. कवीच्या मुलीने आधी स्वरलिपी पाहायला मागवली आहे.